आमेन होईपर्यंत

एक होतं रान. रानात होता वड. वडाखाली दर रविवारी प्रार्थनेला मंडळी भरायची. हरणं यायची, साळुंक्या यायच्या, घोरपडसुद्धा पाय पुसून यायची. पाळक होते रेव्हरंड अस्वल. स्वभाव इतका प्रेमळ, की समोर कुणी रडू लागलं की लगेच म्हणायचे, "चला, डोळे मिटू या."

ही त्या मंडळीची जुनी रीत. अडचण आली की डोळे मिटायचे आणि आमेन होईपर्यंत उघडायचे नाहीत. पुराच्या वर्षी पाणी गळ्याशी आलं तरी कुणी उघडले नव्हते. याचा सगळ्यांना फार अभिमान होता. वाहून गेले, त्यांचं मत कुणी घेतलं नाही.

याच मंडळीत सगुणा टिटवी होती. नदीकाठच्या गोट्यांत तिचं घर आणि घरात बिट्टी नावाचं एकुलतं एक पिल्लू. बिट्टीचे पाय अंगापेक्षा मोठे होते आणि प्रश्न पायांपेक्षा मोठे. ती एकदाची पंखाखाली झोपली, की सगुणा चोचीने हलकेच तिची पिसं मोजायची. दोन्ही पंखांना मिळून वीस मोठी पिसं आली की त्या रानातली टिटवी उडते. चैत्र सरता सरता नदी आटते. तोवर उडता आलंच पाहिजे, कारण पलीकडच्या तळ्यापर्यंत चालत कुठलंच पिल्लू पोचलेलं नाही.

एका रविवारी सगुणाने मोजली तर अठरा. पुढच्या रविवारी सतरा. त्याच्या पुढच्या रविवारी सोळा.

"बिट्टे, पिसं कुठं गेली गं?"

"मला काय माहीत? गाण्याच्या वर्गात मास्तर म्हणतात, डोळे मिटा. मिटले की टुचकन काहीतरी होतं. मास्तर म्हणतात, देवदूताने चिमटा काढला. आणि आई, हे तुला सांगायचं नाहीये. देवदूत रुसतो."

सगुणाने पिल्लाला हुंगलं. पिसांना भात शिजल्याचा वास येत होता. आता रानात भात शिजवतो कोण?

गाण्याचे मास्तर म्हणजे उदमांजर. गळा गोड, मिशा विंचरलेल्या आणि अंगाला सदा आंबेमोहोर भाताचा घमघमाट. उदमांजराच्या अंगाला तो असतोच, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या ढोलीत एक गादी होती. ती दरवर्षी जाड व्हायची. रेव्हरंड अस्वलांनाही त्यांनी प्रेमाने एक उशी दिली होती. त्या उशीवर बसलं की कुठलीही तक्रार लहान वाटायची.

"पाळकसाहेब," सगुणा म्हणाली, "मास्तर पिल्लांची पिसं उपटतात."

"अगं हळू! बाहेर लांडगे ऐकतील. मंडळीचं नाव काय राहील?"

"पिल्लांच्या अंगावर काय राहील, ते सांगा आधी."

"सगुणाबाई, टिटवी ओरडली की लोक अपशकुन मानतात, ठाऊक आहे ना? मी मानत नाही. पण लोक मानतात. चला, डोळे मिटू या."

पुढच्याच रविवारी 'पिल्लू व अशक्त जीव संरक्षण समिती' स्थापन झाली. निवडणूक अगदी लोकशाही पद्धतीने झाली. सगळ्यांनी डोळे मिटून पंजा, पंख किंवा खूर वर करायचा आणि मोजणी एकट्या पाळकांनी करायची. अध्यक्षपदी मास्तर बिनविरोध निवडून आले. पिल्लांचा एवढा अनुभव दुसऱ्या कुणाला होता?

"बंधूंनो आणि भगिनींनो," मास्तर फांदीवरून म्हणाले, "पिल्लं म्हणजे मंडळीचं भविष्य! आणि हे भविष्य आज माझ्या पंजात सुरक्षित आहे!"

"सुरक्षित पिल्लू, निश्चिंत आई!" हरणांनी घोषणा दिली. हरणांना पिसं नव्हती.

समितीने कामाचा धडाका लावला. तक्रारपेटी बसवली, ती मास्तरांच्या ढोलीत, गादीला लागून. किल्ली मास्तरांच्या शेपटीला. तक्रारीसोबत पुरावा म्हणून हरवलेलं पीस जोडणं सक्तीचं. शिवाय ज्यांची पिसं गेली त्या पिल्लांना अंगरखे वाटले, बघणाऱ्यांच्या श्रद्धेला धक्का बसू नये म्हणून. महिन्याभरात अहवाल आला. तक्रारी शून्य, रान शंभर टक्के सुरक्षित. समितीचा सत्कार झाला आणि पाळकांना दुसरी उशी मिळाली.

सगुणाने बिट्टीला वर्गात पाठवणं बंद केलं. लगोलग नोटीस आली: पिल्लाला देवापासून दूर ठेवल्याबद्दल वार्षिक सभेत खुलासा करावा.

"कशाला डोळ्यावर येतेस त्यांच्या?" शेजारची साळुंकी म्हणाली. तिचं पिल्लू अंगरख्यात अडखळत चालत होतं. "आमच्याचीही चार गेली. वाढतात परत."

"मग तू का रडतेयस?"

"कचरा गेलाय डोळ्यात."

मंडळीत सगळ्यांत म्हातारी होती राहेल लांडोर. तिला दिसत नव्हतं, आणि आठवण तर चाळणीसारखी झालेली. सगुणा रोज तिला दाणे भरवायला जायची. आजीच्या पाठीवर टक्कल पडत चाललं होतं. विचारलं की आजी लाजायची. "आमचे हे येतात पिसं विंचरायला." 'हे' वारले त्याला नऊ वर्षं झाली होती. समितीने नोंद केली, की आजींची पिसं स्वर्गीय कारणाने गेली.

"सगुणे, एक विचारू?" एक दिवस आजी दाणे टिपता टिपता म्हणाली. "ह्यांच्या अंगाला भाताचा वास कधीच नव्हता गं. स्वर्गात भात करतात का?"

सगुणाच्या चोचीतला दाणा खाली पडला.

वार्षिक सभेला सगळं रान लोटलं. सगुणा बिट्टीला पंखाखाली घेऊन आली. घरी राहून बिट्टीची एकोणीस पिसं झाली होती.

"खुलासा करा," पाळक म्हणाले.

"वर्गात मी शेजारी बसेन. मग पाठवते."

"आया बसल्या की पिल्लांचा सूर जातो," मास्तर हळुवारपणे म्हणाले. "बाई, तुमचा देवावर विश्वास नाही का?"

"देवावर आहे. म्हणून तर तुमच्यावर ठेवत बसले नाही."

गलका झाला. "मंडळीची बदनामी!" "अपशकुनी!" रेव्हरंड अस्वल दोन्ही उशांवरून उठले. "शांत व्हा! चला, डोळे मिटू या."

सगळ्यांनी मिटले. पाळकांनी लांबलचक प्रार्थना सुरू केली.

"आई," बिट्टी कुजबुजली, "उघडे ठेवले तर देवाला ऐकू येत नाही?"

"येतं गं. तो काय आपल्या डोळ्यांनी ऐकतो?"

एवढ्यात पहिल्या रांगेतून आजीचा आनंदी आवाज आला. "अगंबाई, आले वाटतं हे! भाताचा वास आला!"

सगुणाचे डोळे उघडेच होते. तिने पाहिलं आणि अशी किंचाळली, की वडाची पानं थरथरली. मंडळीच्या इतिहासात पहिल्यांदाच आमेनआधी सगळ्यांचे डोळे उघडले. मास्तर आजीच्या पाठीवर वाकले होते आणि त्यांच्या मिशीत लांडोरीचं पीस होतं.

मग पाळकांनी घसा खाकरला.

"अजून आमेन झालेलं नव्हतं," ते गंभीरपणे म्हणाले. "कुणाकुणाचे डोळे उघडे होते?"

"माझे मिटलेले होते," घोरपड म्हणाली.

"आमचेही," हरणं म्हणाली.

साळुंकीने अंगरख्यातल्या आपल्या पिल्लाकडे पाहिलं. "माझे उघडे होते," ती म्हणाली. "पीस मिशीत होतं. अजून आहे बघा."

मास्तरांनी घाईघाईने मिशी चाटली. तेवढ्यात मागून आणखी दोन-तीन आया म्हणाल्या, "आम्हीही पाहिलं." त्यांचे आवाज चढत गेले, तेव्हा पाळकांनी ओळखलं, की आता कडक कारवाई करावीच लागणार. दोन ठराव झाले. पहिला, आमेनआधी पाहिलेलं पाहिलं असं धरू नये. दुसरा, मास्तरांच्या थोर सेवेची कदर म्हणून त्यांना पलीकडच्या तळ्याकाठच्या मंडळीत बढती द्यावी. तिथं पिल्लं जास्त होती. निरोपाला हार घातले. गादी हरणांनी वाहून नेली.

चैत्र सरत आला आणि बिट्टीला विसावं पीस आलं. ती उडाली, म्हणजे आधी दोनदा पडली आणि मग उडाली. मायलेकी तळ्यावर पोचल्या तेव्हा काठावर मास्तरांच्या स्वागताची कमान उभी होती. सगुणाला धाप लागली होती. म्हणून बिट्टीनेच चोच उघडली आणि जन्मात पहिल्यांदा पुऱ्या ताकदीने ओरडली.

"कुठली ही अपशकुनी पाखरं?" तिथले पाळक वैतागले. "चला मंडळी, डोळे मिटू या."

काठावरच्या एका पाणकोंबडीने आपली पिल्लं जवळ ओढली आणि एक डोळा किंचित उघडा ठेवला.

अर्थात, हे सगळं फार लांबच्या रानात घडलं. आपल्याकडे डोळे मिटायची सक्ती कुणीच करत नाही. आपण ते उघडे ठेवूनच गप्प बसतो.