गुळाचा पाव आणि वाटीतलं तूप

फार लांबच्या नाही, डोंगरापलीकडच्याच एका गावात जत्रेला घरोघरी गुळाचा पाव करायची रीत होती. भट्टी मात्र गावात एकच. म्हणून बायका पीठ मळून, आपापला थाळा आणि तूप घेऊन भट्टीवाल्याकडे रांग लावायच्या.

त्या रांगेत एकदा गोदाक्का आणि तिची शेजारीण हौसा नेमक्या पुढेमागे आल्या. दोघींत वर्षभर अबोला. कारण काय, तर हौसाच्या कोंबडीने गोदाक्काच्या वाळत घातलेल्या कुरडयांत चोच मारली होती. बघा आता!

त्या दिवशी हौसाच्या लेकीची सासू पहिल्यांदाच जत्रेला यायची होती. विहीणबाई भारी नाक मुरडणाऱ्या. पाव बिघडला असता तर लेकीला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. त्या धांदलीत हौसाने कोरड्याच थाळ्यात गोळा ठेवायला घेतला.

गोदाक्काने ते पाहिलं. कोरड्या थाळ्याला गूळ असा चिकटतो, की निम्मा पाव तळालाच राहतो. ‘बरी जिरेल हिची,’ असं तिच्या मनात आलंच. खोटं कशाला सांगू? पण मग तिला हौसाची लेक आठवली. त्या पोरीचा बिचारीचा काय दोष?

“अगं ए बाई, थाळ्याला तूप कोण लावणार?” गोदाक्का ओरडली.

हौसाने कपाळावर हात मारला. “अगंबाई! तूप घरीच राहिलं की गं!”

“आता घरी जाऊन येईस्तोवर भट्टी निवेल बरं,” भट्टीवाला म्हणाला.

गोदाक्काच्या वाटीत एका थाळ्यापुरतंच तूप होतं. तिने वाटी पुढे केली. “घे, आधी तू लाव. कडांनाही चोळ नीट.”

हौसाने तूप चोळलं, वर चिमूटभर कोरडं पीठ भुरभुरलं. वाटीला लागलेलं तूप गोदाक्काने आपल्या थाळ्याला कसंबसं पुसलं.

पाव भाजून निघाले. हौसाने थाळा उपडा केला, आणि पाव अख्खाच्या अख्खा बाहेर! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गोदाक्काचा पाव मात्र एका बाजूने तळाला चिकटला.

“माझ्यापायी झालं गं,” हौसा कळवळली. “माझ्यातला अर्धा ने.”

“गप बस! विहीणबाईंपुढे अर्धा ठेवणार होय?” गोदाक्काने उलथन्याने तळाची खरवड काढली आणि तिच्यापुढे धरली. “ही खाऊन बघ.”

दोघी तिथेच उभ्या राहून, बोटं पोळत, गरम खरवड खाऊ लागल्या. वर्षभराचं बोलायचं साठलं होतं. भट्टीवाला ओरडत होता, “बायांनो, मागच्यांना वाट द्या!” पण ऐकतंय कोण?

तर मुलांनो, तात्पर्य एवढंच: रुसवा कितीही असो, समोरच्याचं नुकसान होताना दिसलं की बोलून टाकावं. आपला पाव थोडा तुटेल, पण माणूस परत मिळेल.