पुढे कोण

"तिच्या चाकात हवा तुम्ही भरलीत, बाई?"

"भरली."

 शाल्मलीच्या हातातला चहा तसाच निवत राहिला.

पाच हिवाळे ती बाईंबरोबर सायकलवर येत होती. बाईंचा नियम एकच. आपल्या चाकातली हवा आपण भरायची. थंडीनं बोटं वळत नसली तरी, हात भरून आले तरी. आणि आज पहाटे देवळाच्या ओसरीत बाई स्वतः उकिडव्या बसून पंप मारत होत्या... हेमांगीच्या सायकलीला. याच वर्षी पहिल्यांदा आलेल्या हेमांगीच्या.

"माझ्या चाकात कधी नाही भरलीत."

"तिला विचारलं, भरू का? ती म्हणाली, भरा."

"मला कधी विचारलं नाहीत."

"तू 'भरा' म्हणाली असतीस?"

शाल्मलीनं चहा ओसरीखाली ओतून टाकला.

द्वारकाबाई तालुक्याच्या शाळेत कवायत शिकवायच्या. निवृत्त झाल्यापासून दर थंडीत दोघी-तिघी मुलींना घेऊन घाटाखालून निघायच्या आणि नदीच्या कडेकडेनं, आडवाटांनी, खाडीपर्यंत उतरायच्या. पुढे बाई, मागे मुली. यंदा निघतानाच त्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "हे माझं शेवटचं गो. पुढच्या वर्षी मुलींना दुसरी कुणीतरी नेईल. कोण, ते तरीपाशी सांगेन."

तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी. तिथं आज दुपारी पोचायचं होतं.

पुढे कोण, याचं उत्तर शाल्मलीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आज पहाटेपर्यंत.

"आज तू पुढे हो," बाई म्हणाल्या. "हेमांगी मध्ये. मी शेवटी."

"शेवटी? तुम्ही?"

"मला दुसऱ्याची पाठ बघत जायची सवय नाही. म्हातारपणी शिकते."

हेमांगी हसली. शाल्मलीला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

वाट अरुंद होती. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडांचे गडगे, वर काजूची झाडं आणि डावीकडे, झाडांच्या फटीफटीतून, नदी. पाच हिवाळे शाल्मलीच्या समोर बाईंची पाठ असायची. वारा बाईंना लागायचा. वळणं बाई बघायच्या. आता समोर नुसती वाट होती आणि मागून दोघींचं बोलणं येत होतं.

"मग म्हशीनं काय केलं?" बाई विचारत होत्या.

"म्हशीनं? काही नाही. बाबांकडे एकदा बघितलं आणि बसली. भर लग्नाच्या मांडवात!"

बाई मोठ्यानं हसल्या.

आपण बाईंना असं कधी हसवलंय? शाल्मलीनं आठवून पाहिलं. आठवेना.

बांधावरून टिटवी ओरडत उठली. शाल्मली एवढी दचकली की हँडल गडग्याकडे गेलं.

"अगं, टिटवी ती!" मागून हेमांगी म्हणाली. "घाबरू नकोस, आम्ही आहोत."

आम्ही.

शाल्मलीचे कान तापले.

पुढचीनं वाट बघायची आणि जे दिसेल ते ओरडून सांगायचं, मधलीनं तेच मागे पोचवायचं, अशी बाईंची रीत होती. मागच्यांना पुढचीच्या पाठीपलीकडचं दिसत नाही.

"खड्डा!" शाल्मली ओरडली.

"खड्डा हो बाई!" मागून हेमांगी. "आत बसून जेवता येईल एवढा!"

पुन्हा बाईंचं हसणं.

माझी हाकसुद्धा हिनं आपली करून टाकली, शाल्मलीला वाटलं. आणि मग ते मनातून जाईना. उजवीकडे शेतं आली, गेली. वाल फुलले होते. कुणीतरी हात केला. तिनं काही पाहिलं नाही. ती कान मागे लावून पायडल मारत होती.

उतार लागला.

उताराच्या तळाशी वळण होतं, आणि वळणावर कुणाच्या तरी ट्रॅक्टरमधून सांडलेली बारीक खडी, वाटभर पसरलेली. शाल्मलीनं वेळेवर ब्रेक दाबले, कडेच्या मातीवरून सायकल काढली.

"खडी," ती म्हणाली.

म्हणाली खरं. पण माणूस स्वतःशी बोलतं तेवढ्याच आवाजात.

...

आधी चाक घसरल्याचा आवाज आला. मग पत्र्याचा. मग "आई गं!"

हेमांगीचं कोपर सोलून निघालं होतं. बाईंनी बाटलीतल्या पाण्यानं जखम धुतली, आपला रुमाल फाडून बांधला.

"मीच बावळट," हेमांगी म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, तरी तोंड चालू होतं. "बडबडीत लक्षच नव्हतं."

"मी सांगितलं होतं," शाल्मली घाईनं म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. "खडी म्हणून सांगितलं होतं, बाई. शप्पथ."

बाईंनी गाठ मारून होईपर्यंत वर पाहिलं नाही.

"सांगितलंस?"

"हो."

"मग परत सांग."

"काय?"

"तेच. जसं सांगितलंस तसं."

शाल्मलीनं तोंड उघडलं.

मोठ्यानं म्हणावं, तर खोटं. तसंच म्हणावं, तर...

गडग्यापलीकडे नदी दगडांवरून जात होती. 

"चला," बाई उठल्या. "ओहोटी लागली असेल."

उरलेल्या वाटेत कुणी हसलं नाही. शाल्मलीला तेही सोसेना.

तरीवरचा तांडेल काळा, बुटका, कानात विडी खोचलेला. त्यानं सायकलींकडे पाहिलं, मग आपल्या होडीकडे.

"दोन बायका, दोन सायकली. त्यावर एक चमचासुद्धा नाही."

"तीन नाही चालणार?" शाल्मलीनं विचारलं.

"चालतील की. मला पोहता येतं. सायकलींना विचारून बघा."

"हेमांगीला आधी नेते," बाई म्हणाल्या. "तू दुसऱ्या खेपेला ये."

"आणि ते... पुढच्या वर्षीचं? तरीपाशी सांगणार होतात ना?"

बाईंचा एक पाय होडीत होता.

"तर दोन्ही काठांना असते गो," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

होडी निघाली. शाल्मली सायकल धरून काठावर उभी राहिली. होडीत बाईंचा एक हात हेमांगीच्या सायकलीवर होता. दुसरा हेमांगीच्या खांद्यावर.

खाडी तिथं अरुंद होती, पलीकडचं माणूस ओळखू यावं एवढी. होडी धक्क्याला लागली. बाई हेमांगीकडे वाकून काहीतरी बोलल्या. हेमांगीनं मान हलवली.

सांगितलं. तिलाच सांगितलं!

"बाई!" शाल्मलीनं हाक मारली. "बाई, कोण?"

सायकलसकट ती पाण्यापर्यंत पुढे झाली.

"पुढच्या वर्षी पुढे कोण, बाई?"

वारा तोंडावर येत होता. आवाज कापरा निघाला, पाण्यावर जेमतेम गेला असेल नसेल.

"मी पाच वर्षं येतेय, बाई! पाच!"

बाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्या अजून होडीतच होत्या. आपली सायकल उचलून धक्क्यावर ठेवत होत्या, पाठ हेमांगीकडे. तांडेल खाली वाकून दोर बांधत होता.

"ऐकू येतंय का? बाई!"

...

हेमांगी आधीच धक्क्यावर उतरली होती. दुखरा हात पोटाशी धरून ती दुसऱ्या हातानं आपली सायकल ओढत होती. सायकलचं पुढचं चाक दगडांत अडकलं होतं. ते सोडवायला ती मागे मागे सरत होती, पाण्याच्या बाजूला, उलट्या पावली.

धक्क्याच्या पायऱ्या ओहोटीनं उघड्या पडल्या होत्या. वरच्या सुकलेल्या. खालच्या हिरव्यागार, चकाकणाऱ्या. त्यांच्या खाली टोकेरी कालवांनी भरलेले खडक, आणि त्यांच्यामधून खेचत जाणारं पाणी.

हेमांगीची टाच पहिल्या हिरव्या पायरीकडे निघाली होती.

हे पलीकडे कुणालाच दिसत नव्हतं. दिसत होतं ते फक्त इथून.

"हेमांगीऽऽ! मागे शेवाळ! पाय टाकू नको! थांब!"

पाण्यावरचे बगळे एकदम उठले. शाल्मली स्वतःच दचकली. हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

हेमांगी थिजली. एक पाय हवेत. सायकल हातातून सुटली, दगडांवर आपटली. मग तिनं पाय हळूच पुढे घेतला, सुक्या पायरीवर ठेवला आणि तिथंच मटकन बसली.

तांडेलानं दोर सोडून खाली पाहिलं. एक हात कपाळाला लावला.

 शाल्मलीची सायकल कधी आडवी झाली, तिला कळलं नव्हतं. आता तिला काहीच विचारायचं सुचेना.

पलीकडे बाई सावकाश सरळ झाल्या. पायऱ्या पाहिल्या, हेमांगीला पाहिलं. मग डोळ्यांवर हात धरून त्या पहिल्यांदाच या काठाकडे वळल्या. 

मग कवायतीच्या मैदानावरचा त्यांचा जुना आवाज पाण्यावरून स्वच्छ आला.

"शाल्मली... आत्ता कोण ओरडलं गो तिकडून? तिला सांग, पुढच्या वर्षी पुढे तिनं राहायचं."