नवा मीटर

वस्तू आपसांत बोलत, त्या काळची गोष्ट. ऐन वेळी गरम पाणी हवं म्हणून टिपणीसकाकांचा गिझर दिवसभर चालू असे. बिल आलं की काका खेकसत, "मीटरच फास्ट पळतोय!"

मीटर कळवळून गिझरला म्हणाला, "बाबा रे, थांब आता. तुझ्यापायी तिकडे वीजकेंद्रात रात्रंदिवस कोळसा जळतोय."

"माझं बटण माझ्या हातात आहे का?" गिझर म्हणाला.

काकांनी अर्ज करून मीटर बदलून घेतला. नव्या मीटरने दारावरच्या बेलला विचारलं, "आधीचा का गेला?"

"त्याला खोटं बोलता येत नव्हतं."

"मलाही येत नाही," नवा मीटर हळूच म्हणाला.

आत गिझर तापतच होता. पुढचं बिल हातात घेऊन काका दारात आले. "हाही फास्टच निघाला!"