घूसबाईंचं भुयार

नदीकाठची शेतं उंदरांनी आपसात वाटून घेतली होती, तेव्हाची ही गोष्ट. तानकी उंदरीण जाड बांधापलीकडे राहायची. बीळ लहान, दाणा बेताचा; पण नदीचं पाणी तिथवर कधी आलं नव्हतं.

एक दिवस नदीकाठच्या घूसबाई ज्वारीची कणसं घेऊन आल्या. "माझं सगळं धान्य नदीजवळ आहे. थोडं तुझ्याकडे ठेवते. तुलाही वाटा मिळेल." तानकीने आनंदाने जागा दिली.

पण रोज बांध चढायचा घूसबाईंना कंटाळा आला. त्यांनी बांधाखालून सरळ तानकीच्या बिळापर्यंत भुयार खणायला घेतलं.

"पाणी आलं तर?" तानकीने विचारलं.

"अगं, मोठ्या घराशी जोडली जातेस. नशीब समज."

पुढे नदी फुगली आणि पाणी भुयारातून थेट तानकीच्या बिळात शिरलं. दाणा गेला. पिल्लं तेवढी तिने कशीबशी बाहेर काढली.

ओल्याचिंब घूसबाई म्हणाल्या, "वेगळी जागा म्हणून तुझ्याकडे ठेवलं, तर तुझंही बीळ माझ्यासारखंच निघालं."

तानकीच्या अंगाचा तिळपापड झाला. "वेगळं होतं म्हणूनच आलात ना? ते तुमच्याच दातांनी पोखरलंत, आणि आता दोष माझ्या बिळाला?"

घूसबाईंचं लक्षच नव्हतं. त्या पुढच्या बांधाच्या पायथ्याशी माती हुंगत होत्या. "इथं पलीकडे कोण राहतं गं?"

तानकी त्यांच्या आडवी उभी राहिली. "वरून चढून जा आणि विचारा. इथं खणायचं नाही."