आग्नेय कोपऱ्यातला दगड

“सगळे?” येप्पेने विचारलं. “सगळेच दगड काढायचे?”

म्हातारा प्रॉसर खड्ड्यात वाकून पायाच्या दगडांवरून तळहात फिरवत होता. त्याने मान वर केली नाही.

“सगळे.”

“आपले दोन उन्हाळे गेलेत यात.”

“गेलेत.”

“तडे काहींनाच आहेत, ब्रदर प्रॉसर. सगळ्यांना नाहीत.”

प्रॉसर पुढच्या दगडाकडे सरकला...

ही गोष्ट अमेरिकेतल्या खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यातली, रेल्वे तिकडे पोहोचण्यापूर्वीची. मॉर्मन पंथाच्या लोकांना पूर्वेकडच्या एकेका गावातून हाकलून लावलं, तेव्हा ते डोंगर ओलांडून या ओसाड खोऱ्यात येऊन राहिले. स्वतःच्या डोक्यावर धड छप्पर नव्हतं, तेव्हाच त्यांनी मंदिराची जागा आखली. ख्रिस्त परत येईल आणि हजार वर्षं राज्य करील, असा त्यांचा विश्वास. मंदिर तेवढं टिकायला हवं होतं.

पाया भरला आणि बातमी आली, सरकारचं सैन्य निघालंय. लोकांनी पायावर माती लोटली. वरून नांगर फिरवला. बघणाऱ्याला वाटावं, शेत आहे.

सैन्य आलं, गावातून सरळ पुढे गेलं. माती मात्र आणखी काही वर्षं तशीच राहिली. ती उकरली, तेव्हा तडे दिसले.

प्रॉसर मूळचा वेल्सचा. साठी उलटलेली. पाथरवटांचं काम त्याच्या नजरेखाली चाले. येप्पे डेन्मार्कहून आलेला, चाळिशीचा, त्याच्या हाताखाली सात वर्षं काम करणारा. दगडाची कड येप्पेसारखी दुसऱ्या कोणाला साधत नसे. हे सगळ्यांना ठाऊक होतं. येप्पेला तर फारच.

“मला या वर्षी चंद्र कोरायला मिळणार होते,” तो म्हणाला.

ते खरं होतं. आराखड्याचा कागद छपरीत भिंतीवर टांगलेला असे. पूर्वेला तीन मनोरे, पश्चिमेला तीन. भिंत तळाशी नऊ फूट जाड, माथ्याशी सहा. भिंतीच्या दगडांवर खाली पृथ्वी, तिच्यावर चंद्राच्या कला, त्यांच्यावर सूर्य, सगळ्यांत वर तारे. येप्पे जेवणाच्या सुट्टीत त्या कागदासमोर उभा राही.

“चंद्र कोरायचे सोडून पुन्हा खड्ड्यात उतरू?”

“चंद्र कशावर उभे राहणार?”

“माझ्या कोपऱ्यावर राहतील. आग्नेय कोपरा मी रचलाय. तिथे तडा दाखवा, मी गप्प बसतो.”

प्रॉसर उठला. त्याने पाण्याची बादली उचलली आणि आग्नेय कोपऱ्यातल्या एका दगडावर ओतली. तांबडा दगड काळपट झाला.

मग तो शेजारी बसला. येप्पेही बसला.

ऊन कडक होतं. पाणी कडांकडून सुकत आलं. दगड पुन्हा तांबडा झाला... मधोमध केसाएवढी एक रेघ तेवढी ओली राहिली.

येप्पेने तिच्यावरून नख फिरवलं.

“एवढीशी तर आहे.”

“आज.”

“हा दगड नाही काढायचा.”

“येप्पे...”

“बाकीचे सगळे काढा. मी स्वतः काढतो. हा नाही.”

आणि तो त्या दगडावर जाऊन बसला.

तीन दिवस तो तिथेच होता. सकाळी यायचा, दगडावर बसायचा, अंधार पडला की घरी जायचा. आजूबाजूला पहारी चालत होत्या. काढलेले दगड लोक बैलगाडीत भरून नेत होते.

“त्याला उठवा की,” एक जण प्रॉसरला म्हणाला.

“उठेल.”

“हुकूम करा.”

प्रॉसरने पहार उचलली आणि तो वायव्य कोपऱ्याकडे गेला. तो कोपरा त्याने स्वतः रचला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रॉसर येप्पेजवळ आला. त्याच्या हातात दगडाची एक पातळ कपची होती, रुपयाएवढी. ती त्याने येप्पेच्या मांडीवर ठेवली.

“हे काय?”

“माझ्या कोपऱ्यातला दगड डुगडुगत होता. खाली नीट चुना भरायचा, तर ही सारली. वरचा सगळा भार हिच्यावर आला. दगड इथूनच फुटला.”

“कोणी सारली?”

“मी.”

येप्पेने वर पाहिलं.

“तुम्ही?”

“संध्याकाळ झाली होती. भूक लागली होती.”

तो परत आपल्या कोपऱ्याकडे निघून गेला.

येप्पे कपची हातात धरून बसला. थोड्या वेळाने त्याने ती खाली ठेवली, उठला, आणि कोणाची तरी पहार घेतली.

दगड एकट्याला हलेना. दोघं जण मदतीला धावले. येप्पे त्यांना म्हणाला, “तुम्ही नको.” त्याने प्रॉसरला हाक मारली.

दोघांनी पहारी घातल्या. दगड कुरकुरला, उचलला गेला आणि कुशीवर पडला. खाली कपची होती. प्रॉसरने आपल्या कोपऱ्यात सारली होती, तसलीच.

पण प्रॉसर कपचीकडे बघत नव्हता. दगडाची खालची बाजू आता उजेडात आली होती. तिच्यावर अक्षरं होती. बारीक, रेखीव, एकाही ठिकाणी छिन्नी न घसरलेली.

मारेन.

येप्पे दगडासमोर उकिडवा बसला.

“माझी मुलगी,” तो म्हणाला. “चार वर्षांची होती. इकडे येताना वाटेत तापाने गेली. प्लॅट नदीच्या काठी.”

प्रॉसर त्याच्या शेजारी बसला.

“तिथे नुसतं गवत. खुणेला ठेवायला धोंडासुद्धा मिळाला नाही. पुरलं, आणि लांडग्यांनी उकरू नये म्हणून माती दाबायला वरून गाड्या नेल्या. आमचीही गाडी नेली. बैल मीच हाकत होतो.”

येप्पेने अक्षरांवरची माती बोटाने पुसली.

“मंदिरात देवाशिवाय दुसऱ्या कोणाचं नाव कोरायचं नसतं, हे मला माहीत होतं. म्हणून सगळे जेवायला गेले तेव्हा यारीने एकट्यानेच बसवला. कोणी बघेल म्हणून घाई केली. डुगडुगला. चुना कालवायला वेळ नव्हता...”

त्याने बोटाने ती कपची दाखवली.

दूरवर लोक उभे होते. त्यांना अक्षरं दिसत नव्हती. प्रॉसरने अंगातला कोट काढला आणि दगडावर टाकला.

“याची गाडी मी स्वतः नेतो,” तो म्हणाला. “तू घरी जा.”

दगड त्याने कुठे नेला, हे कोणालाच कळलं नाही. येप्पेनेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी येप्पे वेळेवर कामावर आला. छपरीतल्या आराखड्याकडे न बघता खड्ड्यात उतरला. महिनाभर त्याने इतरांचे दगड काढले. एखाद्याच्या दगडाखाली कपची सापडली की तरुण पाथरवट हसत, हा कोणी बसवला असं विचारत. येप्पे कपची उचलून बादलीत टाकायचा आणि पुढच्या दगडाला पहार लावायचा.

मग डोंगरातून नवे दगड येऊ लागले. करडे, कठीण, ठिपक्याठिपक्यांचे. वीस मैलांची वाट, एका दगडाला चार बैल, कधी सहा. वाटेत चाकं मोडत. एका दिवसात दगड पोहोचला, असं कधी झालं नाही.

आग्नेय कोपऱ्यासाठी आलेला दगड येप्पेने मागून घेतला. त्या दगडावर छिन्नी तांबड्या दगडासारखी चालत नव्हती. दिवसाकाठी तीन-तीन छिन्न्या बोथट होत. सव्वीस दिवस तो एकाच दगडावर होता. सूत लावायचा, बघायचा, पुन्हा घासायचा.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी त्याने प्रॉसरला बोलावलं.

लाकडी यारीला दोर बांधलेला होता. दगड पायाच्या वर हातभर लोंबत होता. खाली ताजा चुना पसरलेला, एका पातळीत.

प्रॉसर गुडघ्यांवर बसला. त्याने मान वाकडी करून दगडाची खालची बाजू पाहिली. मग हात घालून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली.

“नाव नाही?” त्याने विचारलं.

“नाही.”

“छिन्नी तुझ्याच हातात होती.”

“हो.”

“मी बघितलं नसतं.”

“माहीत होतं.”

“मग?”

येप्पेने दगडाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“अक्षरं कोरली की तेवढी जागा पोकळ राहते,” तो म्हणाला. “दगडाला बैठक पूर्ण हवी.”

वारा आला. यारीचा दोर किंचित करकरला.

प्रॉसर सावकाश उठला. त्याने गुडघ्यांवरची माती झटकली, डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली आणि यारीच्या एका बाजूला जाऊन उभा राहिला.

“दोर धर,” तो म्हणाला. “तिला हळू खाली घेऊ.”