डालग्याखालचं पिल्लू

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका बाबांनो, मोजून मोजून मी दमलो. आणि माणसं आहेत तिथंच आहेत.

माळावर धुळाप्पा नावाचा एक मेंढपाळ होता. साठ मेंढरं, आणि ती राखायला एकच म्हातारी कुत्री. ती विताना गेली आणि मागं एकच पिल्लू जगलं. पुढं कळप त्याच्याच भरवशावर राहायचा होता.

अशा पिल्लाला मेंढपाळ कोकरांत सोडतात. ते त्यांच्या उबेला झोपतं, त्यांच्याशी मस्ती करतं, मेंढीची लाथ खातं आणि कळपाला आपलं घर समजतं. धुळाप्पाला हे पटेना. खेळात पिल्लू वाया जाईल, त्यानं फक्त मलाच ओळखावं, असं त्याच्या डोक्यात बसलं. त्यानं पिल्लू कळपापासून लांब एका डालग्याखाली, बांबूच्या मोठ्या पालथ्या टोपलीखाली, कोंडलं. दोन वेळा दूध ठेवायचा आणि निघून जायचा. त्याची चुलती सखव्वा रोज सांगायची, पिल्लाला कोकरांत सोड. त्यानं कानावर घेतलं नाही.

कोकरं मोठी झाली तेव्हा कुठं त्यानं डालगं उचललं. कुत्रा अंगानं दांडगा झाला होता, पण बोलावलं तर उठायचा नाही. लोणी लावलेली भाकरी टाकली तर एखादे दिवशी नुसती हुंगायचा, एखादे दिवशी ओकेपर्यंत खायचा. शेपटी मात्र कधी हलली नाही. कोकरू जवळ आलं की हा उठून लांब जाऊन पडायचा. धुळाप्पा म्हणायचा, वयात आला की सुधारेल. आपण सगळे असंच म्हणतो.

एका दुपारी लांडगा आला. मेंढरं ओरडत एकमेकांवर पडली. कुत्र्यानं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पायांवर ठेवली. धुळाप्पा पाण्यावरून धावत येईपर्यंत सहा कोकरं फाडलेली होती.

त्यानं काठी उगारली. कुत्र्यानं अंगसुद्धा चोरलं नाही. धुळाप्पाचा हात आपोआप खाली आला आणि तो तिथंच बसून रडला.

"मी याला काय कमी केलं, काकू?"

"खायला कमी केलं नाहीस," सखव्वा थकल्या आवाजात म्हणाली. "पण कुणासाठी उठायचं, हे त्याला कधी कळलंच नाही. आता त्याला मारून काय उपयोग?"

धुळाप्पानं त्याला कोकरांत सोडून पाहिलं, महिनाभर स्वतः जवळ घेऊन बसला. कुत्रा कधी कधी त्याचा हात हुंगायचा, तेवढंच. वेळ निघून गेली होती. मग धुळाप्पाच काठी घेऊन कळपाभोवती फिरू लागला. मरेपर्यंत तो फिरत राहिला, आणि कुत्रा सावलीत पडून त्याच्याकडं बघत राहिला.

लहानपणी ज्याला सोबत मिळत नाही, त्याला मोठेपणी कशाचीच ओढ राहत नाही.