सेनापतीचा वळसा

वाचणाऱ्या लहानथोर मंडळींनो, आधी माफी मागून घेतो. माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत, मला तेवढेच येतात. गोष्ट मात्र मनापासून सांगतो.

फार फार वर्षांमागे, जनावरं माणसांशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकून घेत, तेव्हा डोंगराळ मुलखात एक राज्य होतं. त्या राज्यात एक रीत होती. लढाईत शिपाई पडला की त्याचं पागोटं त्याच्या घरी पोचवायचं. पोचवायचं ते त्याच्या नायकानंच, दुसऱ्या कुणी नाही. वेशीपासून अनवाणी चालत जायचं, माणूस कसा पडला ते खरंखरं सांगायचं, आणि त्या घरची भाकरी खाऊन मग परत फिरायचं. पागोटं येत नाही तोवर घर त्या माणसाला जिवंत धरत असे.

त्या राज्याच्या सेनापतीला एका जागी बसणं ठाऊक नव्हतं. तंबू ठोकून होतो न होतो तोच तो म्हणे, "चला, उठवा तळ." दरबारात बसला तरी त्याचा पाय हलत असे. जेवताना तो दोनदा उठे. राजा कौतुकानं म्हणे, "आमच्या सेनापतीच्या पायाला भिंगरी आहे, म्हणून तर सरहद्द शाबूत आहे!" शिपाई मात्र आपसांत हसत. "आपल्या सरकारांना सरळ रेघ ओढायला सांगा, तीसुद्धा वळसा घालून ओढतील." कारण सेनापती कुठेही निघाला तरी आडवळणानं जाई, आणि का जाई ते कुणाला कळत नसे.

ते कळत होतं फक्त त्याच्या खेचराला. ते तीस वर्षं त्याची पेटी वाहत होतं.

तीस वर्षांपूर्वी हा सेनापती शंभर शिपायांचा नायक होता. एका खिंडीत शत्रू दबा धरून बसला होता. सकाळचं दाट धुकं होतं. हेर म्हणाले, "धुकं विरू द्या, मग शिरू." पण तरुण नायकाला दम निघेना. त्यानं एका शिपायाला सांगितलं, "तू पुढे हो." शिपाई पुढे झाला आणि शत्रूच्या ऐन तोंडाशी सापडला. मागे पळून यायला त्याला वाट होती. तो पळाला नाही. खिंडीच्या अरुंद जागी पाय रोवून तो एकटा लढला आणि ओरडत राहिला, "नायक, डावीकडून या! डावीकडून!" नायक डावीकडून गेला. लढाई जिंकली. त्या दिवशी आपल्याकडचा तेवढा एकच माणूस पडला.

राजानं विचारलं, "डावीकडून जायची अक्कल कुणाची?"

नायक म्हणाला, "माझी."

एवढंच तो बोलला. त्या एका शब्दानं तो पाचशेंचा सरदार झाला, मग हजारांचा, आणि शेवटी सेनापती. शिपायाचं पागोटं त्यानं पेटीत तळाशी ठेवलं. पुढच्या महिन्यात पोचवू, असं ठरवलं. पुढच्या महिन्यात त्यानं लांबची मोहीम मागून घेतली. मग दुसरी, मग तिसरी. त्या शिपायाच्या गावचा दुसरा कुणी पथकात नव्हता, त्यामुळे विचारणारंही कुणी नव्हतं. नंतर पडलेल्या प्रत्येकाचं पागोटं त्यानं रीतीप्रमाणे पोचवलं. ते एक तेवढं राहिलं. त्या गावाच्या वाटेला तो कधी गेला नाही.

एका उन्हाळ्यात निरोप आला, की सरहद्दीवरच्या किल्ल्याला शत्रूनं वेढा घातलाय आणि आत आठ दिवसांचं धान्य आहे. सेनापती तीन हजार शिपाई घेऊन निघाला. किल्ल्याकडे दोन वाटा जात. एक नदीकाठानं, सावलीची, पाण्याची. ती त्या गावातून जाई. दुसरी उजाड माळावरून.

"माळावरून," सेनापती म्हणाला.

त्याचा दुय्यम सरदार तोंडाचा फटकळ होता. तो म्हणाला, "सरकार, या दिवसांत तिकडून कावळासुद्धा पोटभर पाणी पिऊन मगच उडतो. आणि आपण तीन हजार जीव न्यायचे?"

"वाट जवळची आहे."

"अर्ध्या दिवसानं जवळची. त्या अर्ध्या दिवसात निम्मी फौज आडवी होईल."

"हुकूम कुणाचा चालतो इथं?"

सरदारानं घोडा वळवला. फौज माळावर चढली.

पहिल्याच दिवशी सात शिपाई उन्हानं भोवळ येऊन पडले. घोड्यांच्या तोंडाला फेस आला. दिवस कलायच्या आत पखाली निम्म्या झाल्या, आणि पुढे दोन दिवस पाण्याचा थेंब नव्हता. सेनापती पुढून मागे, मागून पुढे घोडा नाचवत होता. "चला, चला! थांबू नका!" घोडा थकला तेव्हा तो पायी येरझाऱ्या घालू लागला.

तेवढ्यात खेचर वाटेच्या मधोमध बसलं. हाकणाऱ्यानं शेपटी पिरगाळली, शिव्या घातल्या, पाया पडला. खेचर ढिम्म. शेवटी सेनापती स्वतः आला आणि त्यानं सगळ्यांना लांब सारलं.

"ऊठ," तो म्हणाला.

"नाही उठत, धनी," खेचर म्हणालं. "मी दमलोय."

"एक पेटी तर आहे पाठीवर."

"पेटीचं काही नाही हो. तिच्या तळाशी एक पागोटं आहे, त्यानं दमवलं. त्या एका गावाला चुकवायला तुम्ही मला तीस वर्षं अख्ख्या राज्याभोवती फिरवलंत. माझ्या जागी गाढव असतं तर त्यानंही विचारलं असतं, कुठं चाललोय म्हणून."

"गप्प बस."

"बसतो की. पण उद्या पाणी संपेल. मग किती पागोटी गोळा होतील, ते तुम्हीच मोजा. माझी पाठ एकच आहे, धनी."

सेनापतीनं मागे पाहिलं. वाटेच्या कडेला एक शिपाई दुसऱ्याच्या तोंडावर पदरचं पाणी शिंपडत होता आणि स्वतः ओठ चाटत होता. सेनापतीचे पाय तिथेच थबकले. मग त्यानं दुय्यम सरदाराला हाक मारली. "फौज नदीकडे उतरव. या उतारानं."

"नदीकाठच्या गावात, सरकार?"

"त्याच गावात."

दुसऱ्या दिवशी दुपारी फौज गावाशी पोचली आणि नदीवर तुटून पडली. सेनापती पाण्याकडे गेला नाही. वेशीपाशी त्यानं जोडे काढले, पागोटं दोन्ही हातांवर घेतलं आणि तापल्या धुळीतून चालू लागला. विचारत विचारत तो त्या शिपायाच्या घरी पोचला; दारापुढे एक बाई ज्वारी पाखडत होती. केस पांढरे झाले होते. कपाळावर मोठं कुंकू होतं.

तिनं पागोटं पाहिलं. सूप खाली ठेवलं.

"बाई," सेनापती म्हणाला, "धुकं होतं. थांबा म्हणाले होते, मी थांबलो नाही. मी त्याला पुढे धाडलं. त्याला पळता आलं असतं, तो पळाला नाही. त्यानं ओरडून वाट सांगितली म्हणून आम्ही जगलो. आणि मी राजाला सांगितलं, ती अक्कल माझी."

बाईनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "हे मला कशाला सांगता, दादा? तो कसा होता ते मला ठाऊक आहे. गावाला सांगा."

"गावाला?"

"पागोटं आलं नाही, माणूसही आला नाही. मग लोकांनी काय समजायचं? पळाला म्हणाले. तीस वर्षं मी पाणवठ्यावर सगळ्यांच्या शेवटी घागर भरते. पळपुट्याची बायको ना मी! सासरे मान खाली घालूनच गेले."

इतकी वर्षं सेनापतीला वाटत होतं, आपण फक्त एक दुःखाची बातमी लांबवतोय. ज्यानं पाय रोवले त्याला आपण पळपुटा केलं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

तो तसाच अनवाणी पारावर गेला. गाव जमलं, फौजही जमली. सगळं त्यानं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, एकही शब्द न गाळता. ज्या शिपायांनी त्याच्या त्या पहिल्या विजयाच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्या होत्या, ते खाली बघत राहिले. त्यानं कमरेची तलवार काढून दुय्यम सरदाराच्या हातात दिली. "यापुढे हुकूम तुझा. राजाला मी स्वतः सांगेन."

मग तो पुन्हा बाईच्या दाराशी गेला. तिनं पागोटं घेतलं, छातीशी धरलं.

"रीत आहे, तुम्हाला भाकरी द्यायला हवी," ती म्हणाली. "पण आज या घरात चूल पेटायची नाही. आज माझा माणूस गेलाय."

सेनापतीनं हात जोडले आणि तो उपाशी परतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई घागर घेऊन पाणवठ्यावर आली, तेव्हा सगळ्या बाया बाजूला झाल्या आणि तिनं सर्वांच्या आधी पाणी भरलं. तिच्यामागून गावानं भरलं, मग फौजेनं, मग घोड्यांना आणि खेचरांना पाजलं गेलं. सगळ्यांच्या शेवटी म्हातारा सेनापती नदीत उतरला. सगळ्यांनी ढवळलेलं गढूळ पाणी त्यानं आपल्या चंबूत घेतलं, चंबू खांद्याला अडकवला आणि किल्ल्याकडे निघालेल्या रांगेत तो मागच्या टोकाला साध्या शिपायासारखा पायी चालू लागला.

तात्पर्य : आपली चूक आपण कबूल केली नाही, तर ती कुणा निर्दोषाच्या नावावर चढते.